अकरावी बादली

राफिलीना तळघरातून वर आली ती रिकाम्या हातानं. गेली होती वाइनची सुरई भरायला. तिचा डावा बूट घोट्यापर्यंत पांढराफटक झाला होता आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. लग्न होऊन ती या घरात आली त्याला पस्तीस वर्षं झाली होती, पण राफिलीना गप्प आहे असं दृश्य आविनोंच्या स्वयंपाकघरानं आजवर पाहिलं नव्हतं.

"पीठ सांडलं का खाली?" कातेल्लोनं बायकोला भरल्या तोंडानंच विचारलं.

"पीठ कुठलं. तळघरात प्लास्टर आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे प्लास्टर. तुझं. सकाळी भोकात ओतलंस ते. मोठ्या पिंपामागच्या भिंतीखालून वाहतंय. मी त्यात पाय घातला."

टेबलाशी माणसं पाच होती आणि ताटं सहा. सहावं ताट जमिनीतल्या पाहुण्याचं. ज्या दिवशी प्लास्टर ओतायचं त्या दिवशी आविनोंच्या घरी एक ताट जास्तीचं मांडतात, त्यात वाढतातही, आणि त्याला कुणी हात लावत नाही. दोन हजार वर्षं राखेत उपाशी पडलेल्या माणसाला आपण आज बाहेर काढणार, तर निदान जेवायला विचारावं, असं कातेल्लोच्या आजोबांचं, म्हणजे मुकादम साबातोच्या बापाचं, म्हणणं होतं. तेव्हापासून तीन पिढ्या ही रीत चालली होती. आजही त्या ताटात झीती, म्हणजे लांब नळ्यांचा पास्ता, आणि वर टोमॅटोचा लालभडक रगू वाढलेला होता, आणि कातेल्लो सवयीनं त्याच्याकडे चोरून बघत होता.

शेगडीपाशी उभी असलेली मिकेलीना, म्हणजे कातेल्लोच्या मेलेल्या भावाची बायको, तेवढी वळली नाही. "मी म्हटलं होतं, वाइन मी आणते," ती म्हणाली. "म्हटलं होतं, आज पाणी प्या."

हे बोलणं तेव्हा कुणाच्याच कानात शिरलं नाही. तिची मुलगी नुन्त्सिया खुर्ची मागे ढकलून जिन्याकडे धावली होती.

जिना उतरताना नुन्त्सियाला सकाळच्या बादल्या आठवत होत्या. एकेक.

घरामागच्या द्राक्षवेलींखाली तीन वर्षांपूर्वी पाण्याची टाकी खणताना रंगवलेली भिंत लागली. रोमच्या कुणा गडगंज माणसाचा उन्हाळी महाल निघाला तिथं. जेवणाचा दिवाणखाना, द्राक्षं तुडवायचा हौद, नोकरांच्या खोल्या, सगळं आग ओकणाऱ्या डोंगरानं एका दिवसात राखेखाली गाडलेलं. मालकाचं नाव सापडलं नव्हतं, म्हणून गडी त्याला नुसतं 'शेठ' म्हणत. शेठची बैठक, शेठचं कोठार. सरकारनं वेलींची जमीन घेतली, उत्खनन सुरू केलं आणि गेल्या वर्षी त्याची प्रमुख म्हणून नेमली ती नुन्त्सिया आविनो. आजोबा कुदळीचे, काका प्लास्टरचा, बाप दोन्हींचा. हातात लेखणी घेऊन खड्ड्यात उतरलेली ही घरातली पहिलीच. सत्तावीस वर्षांची होती आणि त्या नेमणुकीचं पत्र तिनं फ्रेम करून लावलं नव्हतं, पण आजोबांनी लावलं होतं.

सकाळी नोकरांच्या खोलीत कातेल्लोची कुदळ हलकी पडली. राखेत गाडलेलं शरीर सरतं, पण राख तोवर दगड झालेली असते, आत त्याच्या आकाराची पोकळी उरते. कुदळ हलकी पडली की थांबायचं. पुढे एकही घाव नाही. भोक बोटभर ठेवायचं, प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की भोवतीची राख खरवडायची, आणि मग तो माणूस तसाच्या तसा पुढ्यात येतो. हे सगळं मुकादम साबातोनं घरातल्या प्रत्येकाला जेवताना शंभरदा सांगितलं होतं. शेवटी हेही सांगायचा, की माणूस दहा बादल्यांत भरतो. अकरावी ओतायची नाही. अकरावी मागतो तो माणूस नव्हे, जमीन कुठेतरी फुटलेली असते.

दहा झाल्या. भोक भरलं नाही.

"घोडा असणार," कातेल्लो म्हणाला होता. "घोड्याला चाळीस लागतात."

"नोकरांच्या खोलीत घोडा, काका?"

"शेठचा होता तो. कुठेही बांधेल."

आणि नुन्त्सिया हसली होती. थांबा म्हणायचं काम तिचं होतं. पण घोडा मिळाला असता तर नेपल्सच्या पुरातत्त्व कार्यालयातून चार वाजता येणाऱ्या रिनाल्दीसाहेबांचे डोळे दिपले असते, हे तिच्याही मनात होतंच. तिनं दैनंदिनीत शाईनं एकेक रेघ ओढली आणि सव्वीस बादल्या ओतू दिल्या. आजोबा वर पायरीवर बसून होते. अकराव्या बादलीला त्यांनी काठी आपटली होती. त्यांनाही कुणी जुमानलं नाही.

आता ती तळघरात उभी होती आणि त्या सव्वीसांतल्या निम्म्याहून अधिक बादल्या तिच्या पायाशी पसरल्या होत्या. वरचा थर कडक होत चालला होता. कातेल्लोनं मोठं पिंप सरकवलं. मागे भिंतीच्या तळाशी विटांचा एक तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा नवा होता, आणि प्लास्टरच्या पाण्यानं त्याचा गिलावा फुगून फुटला होता. कातेल्लोनं दोन विटा ओढल्या. त्या हाताबरोबर आल्या. त्यानं बॅटरी आत धरली.

"किती लांब?" नुन्त्सियानं विचारलं.

"सरळ शेठच्या घरात जातोय," कातेल्लो म्हणाला आणि टाचांवर बसला. "नऊ मीटर असेल. दहा. रांगत जाता येईल एवढा. हे खणलेलं आहे, पोरी. हे आपल्या घरातून खणलेलं आहे."

मागे काठी वाजली. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा तेवढा अरुंद जिना कुणाचा हात न धरता उतरून आला होता.

या घरात मुकादम साबातोपुढे चोरबोगदा, म्हणजे गाडलेल्या वस्तू चोरायला खणलेली वाट, हा शब्द काढायची सोय नव्हती. छप्पन्न साली असाच एक बोगदा खणणाऱ्याला त्यानं स्वतः पोलिसांकडे नेलं होतं, आणि तो त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. बायको वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. तिच्या माहेरचे लोक अजून आविनोंच्या लग्नाला येत नाहीत, मयतालाही येत नाहीत. साबातोला त्याचं कधी काही वाटल्याचं दिसलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्याच्या मालावर राखण केली आणि एक खापर घरी आणलं नाही, एवढंच तो म्हणायचा.

त्यानं भोकाकडे पाहिलं. मग कातेल्लोकडे.

"कोणी?"

"माझ्याकडे काय बघता, बाबा?"

"तू प्लास्टरवाला आहेस. तुला कळायला हवं होतं. अकरावीला थांबला नाहीस. का थांबला नाहीस?"

"घोडा वाटला म्हणून."

"की ते कुठे जातंय हे माहीत होतं म्हणून?"

कातेल्लोचं तोंड उघडं राहिलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बापानं असं काही विचारलं की तो आठ वर्षांचा होतो. तो नुसताच मान हलवत राहिला, आणि बोलली ती जिन्यावरून राफिलीना, ओला बूट हातात घेऊन.

"माहीत असतं तर आपल्याच तळघरात ओतलं असतं का त्यानं? असा विचार तरी करा. आणि बाबा, खरं बोलू का, या जमिनीखाली कुठली भिंत कुठे जाते हे वास घेऊन ओळखणारा या गावात एकच माणूस होता. तो माझा नवरा नव्हे."

"काकू," नुन्त्सिया म्हणाली.

"काय काकू? मी नाव घेतलं कुणाचं?"

"आजोबांवर येऊ नका."

"मग तुझ्या काकावर येऊ दे? तेव्हा तर गप्प होतीस."

ते खरंच होतं. नुन्त्सिया गप्प होती, कारण एक क्षणभर तिनंही काकाकडे तसंच पाहिलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. घराचं असं असतं, की एकदा भिंतीला भोक पडलं की जो तो दुसऱ्याचे हात बघायला लागतो.

दीड वाजून गेला होता. साहेब चारला येणार.

राफिलीना वाईट बाई नव्हती. तिला दिसत होतं ते साधं होतं. नवऱ्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. पुतणीच्या नोकरीला एक वर्ष झालंय. म्हातारा आज आहे, उद्या नाही, पण त्याच्या नावावर गाव उभं राहतं. यातलं काय वाचवता येईल तेवढं वाचवायचं. तिनं आधी सोपा उपाय काढला, प्लास्टर फोडा, शेणखतात टाका, विटा लावा, पिंप लावा. नुन्त्सिया म्हणाली, दैनंदिनीत सव्वीस बादल्या शाईनं लिहिल्यात. साहेब पहिलं हेच विचारतील की गेल्या कुठे. राफिलीनानं दोन मिनिटं विचार केला. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"आन्येल्लो."

आन्येल्लो म्हणजे कातेल्लोचा मेलेला भाऊ, नुन्त्सियाचा बाप.

"मी काय म्हणते ते ऐका. तो गेला त्याला अठरा वर्षं झाली. भूकंपानंतर लोकांची घरं सावरताना गेला, गावानं त्याच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा म्हटली. आता त्याला कोण काय करणार आहे? तुरुंगात नेणार आहेत? खणायला येत होतं, हे तळघर त्याच्याच वाट्याचं, भूकंपाआधी केव्हातरी खणला असेल. आपल्याला ठाऊक नव्हतं. संपलं."

"माझे वडील," नुन्त्सिया म्हणाली.  वडिलांची तिच्याकडे फारशी शिल्लक नव्हती. ती नऊ वर्षांची होती ते गेले तेव्हा. संध्याकाळी आले की तिच्या कानात फुंकर घालायचे आणि म्हणायचे, बघू तुझ्या कानात किती राख आहे. तेवढं एक होतं. त्याच्यावर चोर लिहायचं आणि खाली सही करायची, ती मुलीची.

"काका, तुम्ही बोला. तुमचा भाऊ होता."

कातेल्लोनं बॅटरी बंद केली, सुरू केली. "त्याच्यापेक्षा चांगला माणूस मी पाहिला नाही," तो म्हणाला. "पण राफिलीना म्हणते त्यातही... म्हणजे त्याला आता लागणार नाही ना काही."

"आजोबा?"

म्हातारा भोकाकडे बघत होता. एक मुलगा त्यानं भूकंपापायी गमावला होता, आणि आता दुसऱ्याला वाचवायचं तर त्या पहिल्याला पुन्हा पुरायचं होतं. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही, आणि छप्पन्न सालच्या साबातोच्या तोंडून नाही निघालं नाही हेच नुन्त्सियाला सर्वांत भयंकर वाटलं.

तेवढ्यात मिकेलीना खाली आली. एप्रन तसाच, उजवा हात नेहमीप्रमाणे एप्रनच्या खिशात. तो हात ती चारचौघांत खिशातच ठेवायची. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात टोमॅटोच्या कारखान्यात डबे बंद करायच्या यंत्रानं तिचं मधलं बोट अर्ध्यावर कापून नेलं होतं. तिनं भोक पाहिलं, जमिनीवरचं प्लास्टर पाहिलं, आणि सगळ्यांच्या वरून, जिन्याच्या टोकाला दिसणाऱ्या उजेडाकडे बघत म्हणाली,

"आन्येल्लोच असेल. तसंच लिही."

नुन्त्सियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आई, तू काय बोलतेस?"

"काकू म्हणते ते बरोबर आहे. त्याला काही होत नाही. लिही."

"तुला माहीत होतं का? बाबा खणत होते हे?"

"मी म्हटलं ना, लिही."

अठरा वर्षं या बाईनं दर रविवारी दफनभूमीत जाऊन त्या माणसाचा फोटो एप्रननं पुसला होता. दुसरं लग्न कर म्हणून राफिलीनानंच दोन स्थळं आणली होती, त्यांना तिनं दारात कॉफीसुद्धा दिली नव्हती. ती आता त्याला चार शब्दांत विकून मोकळी झाली होती. राफिलीनालासुद्धा धक्का बसला. मिकेलीना आडवी येईल म्हणून तिनं मनात तयारी करून ठेवली होती, ती तशीच वाया गेली.

"झालं तर मग," राफिलीना जरा कचरतच म्हणाली. "कातेल्लो, जमिनीवरचं तेवढं काढून टाक. चालता येत नाही."

"फोड," मिकेलीना म्हणाली. "फोडून टाक, कातेल्लो. इथंच फोड."

कातेल्लोनं हातोडी आणली. भिंतीलगत प्लास्टरचा थर चांगला चार बोटं जाड झाला होता. बोगद्याच्या तोंडातून बाहेर आलेला, जिभेसारखा. त्यानं हातोडी उचलली.

"फोड ना," मिकेलीना पुन्हा म्हणाली.

आता इथं जे झालं ते फक्त आविनोंच्याच घरात होऊ शकतं. दुसऱ्या कुणीही दोन दणके घातले असते आणि चुरा टोपलीत भरला असता. पण कातेल्लोनं वयाच्या चौदाव्या वर्षापासून प्लास्टर ओतलं होतं आणि घट्ट झालेलं प्लास्टर खालच्या बाजूनं न बघता फोडायचं हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. प्लास्टरचं तोंड खाली असतं, ज्यावरून ते वाहतं त्याचा ठसा तिथं उमटतो. वरून ते नुसतं चिखल दिसतं. त्यानं हातोडी बाजूला ठेवली, छिन्नी घातली, बोगद्यात आत जाऊन तिथल्या राखेवरचा हातभर लांबीचा तुकडा अलगद मोकळा केला, आणि तान्हं मूल घ्यावं तसा दोन्ही हातांवर घेऊन जिना चढू लागला.

"कुठे निघालास?" राफिलीना ओरडली.

"नळाखाली धुतो. एकदा बघतो. मग फोडतो."

मिकेलीना त्याच्या वाटेतून सरली नाही. तो तिला वळसा घालून गेला.

अंगणात द्राक्षं पसरायची लाकडी फळी होती. ऑक्टोबरचं ऊन होतं, डोंगर स्वच्छ दिसत होता. कातेल्लोनं तुकडा फळीवर उलटा केला, नळाची रबरी नळी धरली आणि मऊ ब्रशनं राख काढू लागला. मागोमाग सगळे आले, म्हातारा शेवटी.

पहिल्यांदा दोन उंचवटे आले, शेजारी शेजारी. "गुडघे," कातेल्लो स्वतःशीच म्हणाला. "गुडघे टेकलेत. कापड जाड आहे, वीण बघ कशी आलीय." त्याचा आवाज कामाचा झाला होता, तळघर तो विसरला होता. "आणि पुढे हात टेकलाय. भुसभुशीत राखेत दाबलाय, सगळा भार देऊन. सुंदर आलाय. अंगठा. तर्जनी. मग..."

ब्रश थांबला.

नळीचं पाणी त्याच्या बुटांवर पडत राहिलं. नुन्त्सिया वाकली. पांढऱ्या थरातून एक हात वर आला होता, लहानसा, तळवा वर. अंगठा, तर्जनी, आणि त्याच्याशेजारी अर्ध्यावर संपलेलं बोट. मग उरलेली दोन, पुरी.

कातेल्लो सावकाश म्हणाला, "आन्येल्लो ऐंशीला गेला. बोट ब्याऐंशीला."

सगळ्यांच्या नजरा मिकेलीनाच्या एप्रनच्या खिशाकडे वळल्या. राफिलीना मटकन विहिरीच्या कट्ट्यावर बसली. इतका वेळ त्या तळघरात मुकादमाचं नाव निघालं, मुलाचं निघालं, मेलेल्याचं निघालं. तळघराची किल्ली ज्या बाईच्या कमरेला होती तिचं नाव कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण बायका खड्ड्यात टोपल्या वाहतात, खणत नाहीत.

"आई," नुन्त्सिया म्हणाली. "केव्हा?"

"तू नेपल्सला होतीस तेव्हा." मिकेलीना उभीच होती. "चार हिवाळे. पिंपामागची वीट सुटली, मागे जुनी खापरं दिसली, तिथून सुरुवात झाली. भिंतीतून रंगवलेलं एक तोंड काढलं मी, मुलीचं. आणि दोन दिवे, आणि चांदीचा एक पेला. माणूस रोमहून यायचा. त्याचं नाव मला माहीत नाही, खरंच नाही."

"कशासाठी?"

मिकेलीनाला हा प्रश्न आवडला नसावा. ती थोडी हसली. "कशासाठी म्हणजे? खोलीचं भाडं, पुस्तकं, तो कोट. ग्रीसला गेलीस सगळ्यांबरोबर."

"तू हातमोजे शिवत होतीस. ते पैसे हातमोज्यांचे होते. तू सांगायचीस, कारखान्यातून कातडं घरी येतं, रात्री शिवते म्हणून."

"सांगायचे."

"मी सगळ्यांना सांगितलंय ते. नेमणूक झाली तेव्हा भाषणात सांगितलंय."

"मी होते की तिथं. ऐकलं."

मग तिनं हात खिशातून बाहेर काढला आणि मुलीच्या डोळ्यांपुढे धरला. रागानं नाही. मुलाला गणित समजावताना धरतात तसा.

"याच बोटात टोपण घालून सुई ढकलतात, नुन्त्सिया. यंत्रानं हे नेलं त्या दिवशी हातमोजे संपले. अर्ध्या बोटानं कुणी हातमोजे शिवतं का? गावातल्या कुठल्याही बाईला विचार. चार वर्षं तू सुट्टीला यायचीस, या टेबलाशी बसून शेठच्या काळातल्या माणसांचे हात कसे ओळखायचे ते सांगायचीस, हा विणकर, हा गवंडी. मी म्हणायचे, आता विचारेल. आज विचारेल."

 नुन्त्सियाला रडू आलं नाही. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या चार वर्षांत आईनं वाढलेलं एकूण एक ताट तिला आठवतं, पण वाढणारा हात आठवत नाही.

"आणि माती?" कातेल्लोनं विचारलं. कारागिराला असलं काही विचारल्याशिवाय राहवत नाही. "एवढी माती टाकलीस कुठे?"

"लिंबांना."

"अरे देवा," राफिलीना म्हणाली. "ती लिंबं." ब्याण्णव साली आविनोंच्या लिंबांना गावात बक्षीस मिळालं होतं, आणि ते राफिलीनानं घेतलं होतं.

साबातो फळीपाशी आला. सगळ्यांना वाटलं आता काठी उठणार. राफिलीना कट्ट्यावरून उठून, कशासाठी ते तिलाही कळलं नसेल, मिकेलीनाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. म्हातारा वाकला, आपली बोटं त्यानं प्लास्टरच्या अर्ध्या बोटावरून फिरवली.

"बोगदा त्या पोकळीला जाऊन भिडलाय," तो सुनेकडे न बघता म्हणाला. "म्हणून प्लास्टर इकडे आलं. आत माणूस आहे. तुझी कुदळ हलकी पडली असणार."

"पडली."

"पुढे किती खणलंस?"

"एकही घाव नाही, बाबा. तुम्ही सांगितलं होतं ना, जेवताना. मी भोकावर कौल लावलं, एकदा देवाचं नाव घेतलं आणि मागे आले. परत गेले नाही. ती शेवटची वेळ. तुझं एक वर्ष राहिलं होतं, नुन्त्सिया. त्या वर्षी लग्नातल्या बांगड्या विकल्या."

 मेव्हण्याला पोलिसांकडे नेलेला तो माणूस तिथं उभा होता, आणि त्याला दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. "मी तुला चोर म्हणणार," तो शेवटी म्हणाला. "मला दुसरा शब्द येत नाही."

"म्हणा."

पण तो म्हणाला नाही. कट्ट्यावर जाऊन बसला.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा चारला वीस मिनिटं होती. सरकारी माणूस वेळेच्या आधी येतो ही गोष्टही त्या दिवशीच घडायची होती. रिनाल्दीसाहेब उत्साही गृहस्थ होते, चांगले होते, नुन्त्सियाच्या नेमणुकीसाठी भांडले होते. ते अंगणात शिरले आणि नमस्काराआधी त्यांना फळी दिसली.

"काढलंतसुद्धा?" ते म्हणाले आणि थेट गुडघ्यांवर बसले. चष्मा कपाळावर सरकवला. "गुडघे. हात. नोकरांची खोली, बरोबर? बाई आहे ही. बघा, मनगट बघा. कष्टाचा हात आहे. आणि मधलं बोट..." त्यांचा आवाज खाली आला. "जुनी जखम आहे, भरून आलेली. शेठच्या घरची दासी असणार. राखेत रांगत बाहेर पडायला बघत होती बिचारी. नुन्त्सिया, वीस वर्षांत मी इतका बोलका हात पाहिला नाही."

कातेल्लोनं नळ बंद केला.  मिकेलीना आत गेली होती. पाहुणा आला की कॉफी, हे तिच्या पायांनाच ठाऊक होतं.

राफिलीनानं नुन्त्सियाकडे पाहिलं. काही बोलायची गरज नव्हती. साहेबांनी आपल्या तोंडानंच सगळं सांगून टाकलं होतं. दासी, दोन हजार वर्षांपूर्वीची. फक्त गप्प राहायचं. बोगदा बुजवता येईल. उरलेल्या बादल्या त्या दासीनं प्यायल्या. आन्येल्लोचं नाव नको, मिकेलीनाचं नको, हा हात काचेच्या कपाटात जाईल आणि नुन्त्सियाचं नाव खाली छापलं जाईल. कातेल्लोनंही मान खाली घातली, म्हणजे तोही त्याच बाजूला होता. साबातोनं मात्र नातीवरून नजर काढली नाही.

मिकेलीना ट्रे घेऊन बाहेर आली. "तुमच्यात कुणी शोधला हा?" साहेब विचारत होते. "दैनंदिनीत कुणाचं नाव लिहायचं?"

"साहेब," नुन्त्सिया म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "हा हात शेठच्या घरातला नाही. माझ्या आईचा आहे. मी शिकत होते तेव्हाचा."

साहेब हसले, मग हसायचे थांबले.

मिकेलीनानं ट्रे फळीवर ठेवला, त्या पांढऱ्या हाताशेजारी. ठेवून झालं की हात एप्रनच्या खिशात जायचा, ही सोळा वर्षांची सवय होती. या वेळी तो तिनं तिथंच, उघडा राहू दिला, आणि साहेबांना विचारलं की साखर किती घालू.